चंद्राच्या पोटातली उष्णता मोजताना: अपोलोच्या तापमापक प्रोबचं प्रकरण

हे प्रकरण 1970 ते 1977 या काळातलं आहे. मोहिमा, तारखा आणि आकडे खरे आहेत. अंतराळवीरांचा उल्लेख मात्र नावाने न करता कामाने केला आहे, कारण इथे प्रश्न कोण चुकलं हा नाही. हजारांश अंशापर्यंत अचूक असलेला सेन्सर जमिनीत बसवताना काय काय आडवं येतं, हा आहे.

पार्श्वभूमी

चंद्र आतून किती गरम आहे हे कळायला दोन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, खोलीनुसार तापमान किती वाढतं. दुसरी, तिथली माती उष्णता किती वाहून नेते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे उष्णताप्रवाह, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा. त्यावरून चंद्राच्या पोटात युरेनियम आणि थोरियम किती असावं याचा अंदाज बांधता येतो आणि तिथून चंद्राच्या जन्माच्या सिद्धांतांपर्यंत जाता येतं. म्हणूनच अपोलोच्या यादीत या प्रयोगाला वरचं स्थान होतं. त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमोंट वेधशाळेतले मार्कस लँगसेथ.

वरवर सोपं वाटणारं हे काम चंद्रावर अवघड होतं ते पृष्ठभागामुळे. अपोलो 15 च्या जागी दुपारी पृष्ठभागाचं तापमान 374 केल्विनपर्यंत (सुमारे 101 अंश सेल्सिअस) चढतं आणि पहाटेआधी 92 केल्विनपर्यंत (उणे 181) उतरतं. ही दिवसरात्रीची लाट मातीत झिरपते, पण चांद्रधूळ इतकी मंदवाहक आहे की सुमारे 80 सेंटीमीटरखाली ती जवळपास संपते. वर्षाची लाट त्याहून बरीच खोल जाते. चंद्राच्या पोटातून येणारा मंद प्रवाह या दोन्हींच्या गोंगाटाखाली दबलेला असतो. म्हणून भोकं सुमारे 3 मीटर खोल घ्यायची असं ठरलं होतं.

उपकरणाची रचना अशी होती. एकमेकांपासून सुमारे 10 मीटरवर दोन भोकं आणि प्रत्येकात एक प्रोब, म्हणजे तापमापकांची सळई. प्रत्येक प्रोबचे दोन भाग, आणि प्रत्येक भागात प्लॅटिनमच्या रोधतापमापकांच्या जोड्या. त्यातली मुख्य जोडी 47 सेंटीमीटर अंतरावर, दुसरी 28 सेंटीमीटरवर. दोन टोकांच्या तापमानातला फरक ही जोडी 0.001 केल्विनपर्यंत अचूक सांगायची, तर प्रत्यक्ष तापमान 0.05 केल्विनपर्यंत. प्रोबच्या वरच्या केबलमध्ये थर्मोकपल होते, ते उथळ थरांसाठी. शिवाय प्रत्येक मुख्य तापमापकाभोवती तापवायची तार गुंडाळलेली होती. तिला 0.002 वॅट इतकी किरकोळ शक्ती दीड-एक दिवस द्यायची आणि तापमान किती चढतं ते पाहायचं. जास्त चढलं तर माती उष्णता धरून ठेवते, कमी चढलं तर ती पटकन वाहून नेते. उष्णतावाहकता मोजायची ती अशी. याच तारेला 0.5 वॅट देण्याचीही सोय होती, माती अपेक्षेपेक्षा जास्त वाहक निघाली तर.

कागदावर या रचनेत खोट काढायला जागा नव्हती. अडचणी आल्या त्या भोक, केबल आणि भोकाभोवतालची माती यांच्यात.

पहिला संच अपोलो 13 बरोबर गेला आणि चंद्रावर उतरलाच नाही. अपोलो 14 च्या यादीत हा प्रयोग नव्हता. त्यामुळे खरी परीक्षा झाली ती 31 जुलै 1971 ला, अपोलो 15 च्या कमांडरने हॅडली घळीजवळ बॅटरीवर चालणारं ड्रिल हातात घेतलं तेव्हा.

पहिली अडचण: भोक

ड्रिल फिरतही होतं आणि ठोकतही होतं. मिनिटाला सुमारे 280 फेरे, सुमारे 2,270 ठोके. त्याला जोडायच्या नळ्या बोरॉन-फायबरग्लासच्या होत्या, पोकळ, टोकाला टंगस्टन कार्बाइडचं बंद पातं. नळी काढून घ्यायची नव्हती. ती जमिनीतच राहायची आणि तिच्या पोकळीत प्रोब सोडायचा. फायबरग्लास निवडण्यामागचं कारण नेमकं होतं. धातूची नळी असती तर वरची उष्णता खाली पोचवणारा रस्ताच तयार झाला असता आणि मोजायचं तेच बिघडलं असतं.

नळी तुकड्यातुकड्यांची होती. एक तुकडा आत गेला की ड्रिल सोडवायचं, पुढचा तुकडा खोचायचा, परत ड्रिल लावायचं. तुकड्यांचे जोड आटे फिरवून बसणारे नव्हते, नुसते दाबून बसणारे होते. जाड हातमोज्यांत आटे जुळवणं त्रासाचं, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिले काही डेसिमीटर सहज गेले. मग वेग पडत गेला आणि सुमारे 1.6 मीटरवर नळी पुढे सरकेना. तिकडे ड्रिलच्या चकमध्ये नळी इतकी घट्ट आवळली गेली की ड्रिल सुटेना. पाना लावून, झटापट करून ते सोडवावं लागलं.

कारण नंतर उलगडलं आणि ते मुळापासून समजून घेण्यासारखं आहे. चांद्रमातीचे वरचे काही सेंटीमीटर भुसभुशीत असतात, पण 30 सेंटीमीटरखाली ती विलक्षण दाबलेली असते. अब्जावधी वर्षं उल्कांच्या आघातांनी हादरून कण एकमेकांत घट्ट बसलेले आहेत. त्यामुळे नळीने कापलेला चुरा बाजूला सरकवायला जागाच नसते. तो वरच यायला हवा. त्यासाठी नळीच्या बाहेरून गिरमिटासारख्या सर्पिल खाचा होत्या. पण जोडापाशी नळीची भिंत मजबूत राहावी म्हणून खाचा उथळ होत गेल्या होत्या. चुरा खालून चढत यायचा, जोडापाशी अडायचा, तिथेच ठासून बसायचा आणि नळीला विळखा घालायचा. जितकं जास्त फिरवावं तितकं ते अधिक घट्ट. ड्रिलची ताकद वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

त्या वेळचे पर्याय

अंतराळवीराचा प्राणवायू आणि थंडाव्याचं पाणी मोजून दिलेलं असतं, त्यामुळे निर्णय मिनिटांत घ्यायचा होता. समोर चार वाटा होत्या.

जोर लावून पुढे जाणं. चुरा ठासला आहे हे तेव्हा नक्की माहीत नव्हतं, एखादा दगड लागला असावा अशीही शक्यता होती. दगड असता तर ठोकत राहणं योग्य ठरलं असतं.

नळी थोडी वर ओढून खाचा मोकळ्या करणं. पृथ्वीवर कुठलाही बोअरवाला हेच करेल. पण दाबून बसवलेले जोड वर ओढल्यावर सुटू शकतात, आणि जमिनीखाली जोड सुटला की ते भोक प्रोबच्या कामाचं राहत नाही.

भोक सोडून शेजारी नवं घेणं. नळ्यांचा साठा मोजका, वेळ त्याहून मोजका, आणि माती तीच.

आहे त्या खोलीवर प्रोब सोडून देणं. यात विदा, म्हणजे मोजणीची आकडेवारी, मिळण्याची खात्री होती, पण वरचा भाग दिवसरात्रीच्या लाटेत सापडणार होता.

पहिल्या भोकासाठी चौथी वाट निवडली गेली आणि ती योग्य होती. प्रोबचा खालचा भाग सुमारे 1.4 मीटरपर्यंत पोचला आणि तिथून वापरण्याजोगी आकडेवारी आली. दुसऱ्या भोकात, दुसऱ्या दिवशी, दुसरी वाट धरून पाहिली गेली. ड्रिल वर उचलून खाचा मोकळ्या करताना बहुधा खालचा जोड सुटला. प्रोब सोडला तर तो सुमारे 1 मीटरवर अडला, तुटलेल्या नळीपाशी. त्याचा वरचा भाग पृष्ठभागाच्या इतका जवळ राहिला की महिन्याच्या बहुतेक काळात तिथला तापमानातला फरक उपकरणाच्या मोजपट्टीबाहेर जात असे. त्या भागाचा प्रवाह मोजायला काहीच उपयोग झाला नाही.

याच फेरीत मातीचा खोल नमुना घ्यायची नळी 2.4 मीटरपर्यंत उतरवली गेली. ती सहज आत गेली आणि मग बाहेर येईना. दोघा अंतराळवीरांनी तिसऱ्या दिवशी खांदे लावून ती उपसली. या उपसण्यात गेलेला वेळ आणि बाकीचा उशीर मिळून उत्तरेकडच्या टेकड्यांच्या समूहाची नियोजित भेट रद्द झाली. नमुना सोडून टेकड्या पाहायला जायला हवं होतं, असं तेव्हा अनेक भूवैज्ञानिकांना वाटलं असेल. त्या नमुन्यातल्या थरांचा पुढे झालेला अभ्यास पाहता तो सौदा वाईट नव्हता. पण तो सौदा होता हे विसरू नये. ड्रिलमधली प्रत्येक अडचण नकाशावरचा एक थांबा खात होती.

दुरुस्ती आणि दुसरी अडचण: केबल

अपोलो 16 साठी नळी नव्याने बनवली गेली. जोडात टायटॅनियमचे तुकडे घातले, त्यांना आटे दिले आणि मुख्य म्हणजे सर्पिल खाचा जोडावरूनही अखंड नेल्या. नमुन्याची नळी उपसायला पायाने दाबायचा जॅक दिला.

21 एप्रिल 1972 ला देकार्तच्या उंच प्रदेशात लूनर मॉड्यूलच्या वैमानिकाने पहिलं भोक काही मिनिटांत पूर्ण खोलीपर्यंत नेलं. नऊ महिन्यांपूर्वी दोन दिवस छळलेला प्रश्न सुटला होता. पहिला प्रोब आत गेला.

त्याच सुमारास कमांडर मध्यवर्ती केंद्रापाशी दुसऱ्या उपकरणांचं काम करत होता. सगळ्या उपकरणांना वीज देणारं आणि त्यांची आकडेवारी पृथ्वीकडे पाठवणारं हे केंद्र, आणि त्यातून चारी दिशांना फिती निघालेल्या. त्याचा पाय उष्णताप्रवाहाच्या फितीत अडकला आणि फीत केंद्राच्या जोडणीपाशी फाटून निघाली.

इथे थोडं थांबून पाहायला हवं. या केबल गोल नव्हत्या, पातळ चपट्या फिती होत्या, घडी करून नेलेल्या. घडीची सवय लागलेली फीत चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वात जमिनीवर सपाट पडत नाही, कमानी करून उभी राहते. अंतराळवीराच्या छातीवर नियंत्रणांची पेटी असते, त्यामुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. जाड बूट आणि दाबयुक्त पोशाख यांमुळे पायाला काही लागलं तरी जाणवत नाही. फिती पायांत येतात हे आधीच्या मोहिमांतही दिसलं होतं. तरी फितीवरचा ओढा सरळ जोडणीवरच येत होता, तो झेलायला मध्ये दुसरं काही नव्हतं. जोडणी हाच सगळ्यात कच्चा दुवा, आणि ओढा येणार तोही तिथेच.

दुरुस्तीचा विचार झाला. ह्यूस्टनमध्ये फाटलेली फीत सोलून पुन्हा जोडायची पद्धतही बसवून पाहिली गेली. पण बाहेरच्या फेऱ्यांचा वेळ अगदी मोजका होता, आणि त्यातला मोठा तुकडा या एका जोडणीवर गेला असता. दुसरा धोका उघडच होता. याच केंद्रावर भूकंपमापक आणि चुंबकत्वमापक चालत होते. दाबयुक्त हातमोज्यांनी फितीतल्या बारीक तारा जुळवताना दोन तारा टेकल्या असत्या तर चालू उपकरणंही गेली असती. प्रयोग सोडून दिला गेला. दुसरं भोक घेण्यात मग अर्थ उरला नाही.

आमच्या मते हा निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमत आजही मोजावी लागते आहे. अपोलो 16 ची जागा उंच प्रदेशातली होती. अपोलो 15 आणि 17 च्या दोन्ही जागा मैदान आणि डोंगर यांच्या सीमेवरच्या. शिवाय त्या वायव्येकडच्या थोरियमसमृद्ध प्रदेशाच्या काठाजवळ आहेत. त्यामुळे त्यांच्यावरून सगळ्या चंद्राची सरासरी काढावी का, हा वाद पुढची कित्येक वर्षं चालला. उंच प्रदेशाची एक मोजणी हाताशी असती तर तो बराच आटोक्यात राहिला असता.

अपोलो 17

डिसेंबर 1972 मध्ये टॉरस-लिट्रो दरीत दोन्ही भोकं नीट पडली आणि चारही भाग कामाचे निघाले. प्रोबचे सर्वात खालचे सेन्सर सुमारे 2.3 मीटरवर बसले. फितींना या वेळी जोडणीपाशी ओढा झेलणारी बांधणी दिलेली होती. तरी ड्रिलिंगला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला आणि पहिल्या दिवशीची भूवैज्ञानिक फेरी आखडून एमरी विवराऐवजी अलीकडेच, स्टेनो विवराजवळ आटोपावी लागली.

तिसरी अडचण: सेन्सर बरोबर, आकडा चूक

आता विदा येऊ लागला. अपोलो 15 च्या जागी तापमान दर मीटरला सुमारे 1.75 केल्विनने वाढत होतं. म्हणजे 47 सेंटीमीटर अंतरावरच्या दोन तापमापकांत फरक 0.8 केल्विनच्या आसपास. 0.001 केल्विनची चूक त्यात धरली तर ती एक टक्क्याच्या आठव्या भागाइतकीच. तापमापकांनी आपलं काम चोख केलं.

मग उष्णतावाहकता. तापवायच्या तारांनी ती 0.014 ते 0.025 वॅट प्रति मीटर केल्विन अशी दाखवली. त्यावरून अपोलो 15 चा प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे 33 मिलिवॅट आणि अपोलो 17 चा सुमारे 28 मिलिवॅट असा जाहीर झाला. तेव्हाच्या अपेक्षांच्या मानाने हे आकडे चांगलेच मोठे होते. चंद्रात युरेनियम पृथ्वीपेक्षा अधिक असावं, अशा दिशेने चर्चा गेली.

पण दुसरीकडून मोजलं तर वेगळंच दिसायला लागलं. काही वर्षांचा विदा जमल्यावर वार्षिक लाटेचा मागोवा घेता आला. वर्षाची लाट खाली उतरताना किती क्षीण होते आणि किती उशिरा पोचते, यावरूनही वाहकता काढता येते. ही पद्धत भोकाच्या लगतची माती न पाहता भोवतालच्या मोठ्या पट्ट्यातली माती पाहते. तिने आकडा दिला 0.009 ते 0.013. म्हणजे जवळपास निम्मा. थर्माकोलची वाहकता 0.03 च्या वर असते, तेव्हा ही माती थर्माकोलपेक्षाही अडीच-तीन पट चांगली उष्णतारोधक निघाली.

फरक का? कारण तार मोजत होती ती मूळ माती नव्हतीच. ड्रिलने ठोकून नळीभोवतीचे कण अधिक दाबले होते. निर्वातात उष्णता मुख्यतः कणाकणांच्या स्पर्शबिंदूंतून जाते, म्हणून कण थोडे जरी जवळ आले तरी वाहकता वाढते. 0.002 वॅटची तार दीड दिवसात जेमतेम काही सेंटीमीटर माती तापवते, आणि नेमके तेच सेंटीमीटर बिघडलेले होते. भोक खोल जाण्यासाठी केलेल्या ठोकाठोकीनेच मापन खोटं ठरवलं.

1976 मध्ये लँगसेथ आणि सहकाऱ्यांनी सुधारित आकडे दिले. अपोलो 15 साठी 21 आणि अपोलो 17 साठी 16 मिलिवॅट. आजही हेच वापरतात. पहिल्या आकड्यांपेक्षा एक 36 टक्क्यांनी, तर दुसरा 43 टक्क्यांनी कमी.

या दुरुस्तीचं श्रेय प्रयोग वर्षानुवर्षं चालू ठेवण्याला आहे. भोकं सहा महिन्यांत बंद केली असती तर वार्षिक लाट दिसलीच नसती आणि 33 हाच आकडा पाठ्यपुस्तकांत राहिला असता.

उशिरा सुटलेलं कोडं

एक विचित्र गोष्ट मात्र तशीच राहिली. मातीतलं तापमान हळूहळू वाढत होतं. उथळ सेन्सरांत आधी आणि जास्त, खोल सेन्सरांत नंतर आणि कमी. उष्णता आतून येत असती तर क्रम उलटा असता, म्हणजे ही वाढ वरून उतरत होती.

शोध घ्यायला विदा अपुरा होता. उपकरणं 30 सप्टेंबर 1977 पर्यंत चालू होती, पण अभिलेखागारात जमा झालेला विदा 1974 अखेरपर्यंतचाच. पुढचा चुंबकीय फितींवर कुठेतरी होता. टेक्सास टेक विद्यापीठाचे सेइची नागिहारा आणि सहकाऱ्यांनी मेरीलँडमधल्या सरकारी दफ्तरखान्यातून 1975 च्या तीन महिन्यांच्या 440 फिती शोधून काढल्या. उरलेल्या काळासाठी ह्यूस्टनच्या चांद्र संस्थेत सापडलेल्या साप्ताहिक नोंदींतले आकडे वापरले. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आला. अंतराळवीरांच्या पावलांनी आणि गाडीच्या चाकांनी वरची फिकट धूळ उडाली आणि खालची गडद माती उघडी पडली. गडद माती सूर्यप्रकाश जास्त शोषते, म्हणून पृष्ठभागाचं सरासरी तापमान 1.6 ते 3.5 अंशांनी वाढलं आणि ती वाढ वर्षानुवर्षं खाली उतरत राहिली. भोवतालची जमीन गडद झाल्याचं चांद्रपरिक्रमा यानाच्या छायाचित्रांतही दिसतं.

म्हणजे बसवणाऱ्यांनीच मोजायची जागा बदलून टाकली होती, आणि ते कळायला चार दशकं लागली. त्यातली बहुतेक वर्षं फिती न सापडल्यामुळे गेली, हे जास्त खटकतं.

काय वेगळं करता आलं असतं, आणि आज काय करतात

नळीच्या जोडाबद्दल: अपोलो 15 आधी खाचा जोडावरून अखंड नेणं अशक्य नव्हतं, नऊ महिन्यांत ते करून दाखवलं गेलं. चाचणीची माती पुरेशी दाबून घेतली असती तर दोष पृथ्वीवरच दिसला असता. चांद्रमातीची नक्कल वापरणाऱ्यांनी कणांची प्रतवारी जुळवून थांबू नये. 30 सेंटीमीटरखालची घनता 1.8 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरच्या पुढे नेली नसेल तर ड्रिलची चाचणी झाली असं म्हणूच नये.

केबलबद्दल: फितीचा ओढा जोडणीवर न येता खुंटीवर यावा, हा नियम फाटल्यावर लागू झाला. तो पहिल्यापासून असता तर अपोलो 16 ची मोजणी वाचली असती. या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच होती.

वाहकतेबद्दल: तार आणि तापमापक नळीच्या आत ठेवले की नळीची भिंत, तिच्याभोवतीची पोकळी आणि ठासलेली माती हे सगळं मापनात शिरतं. आजची उपकरणं ते टाळण्याचा प्रयत्न करतात. मार्च 2025 मध्ये ब्लू गोस्ट यानाबरोबर मारे क्रिसियममध्ये उतरलेलं लिस्टर हे उपकरण नागिहारांच्या गटाचंच आहे. ते ठोकत नाही, वायूच्या झोताने माती उडवत खाली जातं. ठरावीक अंतरावर थांबून पुढे एक बारीक सुई न बिघडलेल्या मातीत खुपसतं, त्याच सुईत तापमापक आणि तापवायची तार असते. जागाही थोरियमसमृद्ध प्रदेशाच्या बाहेरची निवडलेली.

भारताच्या चांद्रयान-3 मधल्या विक्रम यानावरच्या चास्टे उपकरणाकडे याच प्रश्नाचा दुसरा अंश म्हणून पाहावं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेबरोबर ते बनवलं. 10 सेन्सरांचा प्रोब मोटरने हळूहळू मातीत उतरवायचा, जास्तीत जास्त 10 सेंटीमीटर. ऑगस्ट 2023 मध्ये इस्रोने दिलेल्या आलेखात पृष्ठभागापाशी तापमान 50 अंश सेल्सिअसच्या वर होतं आणि 8 सेंटीमीटरवर उणे 10 च्या आसपास. पोटातून येणाऱ्या प्रवाहाबद्दल यावरून काही सांगता येत नाही, त्या खोलीवर दिवसाच्या लाटेचंच राज्य असतं. चास्टेचा तो हेतूही नव्हता. पण वरच्या थराची वाहकता माणसाने न तुडवलेल्या जागी मोजणं, हीच अपोलोकडे नसलेली गोष्ट होती. उतरतानाच्या इंजिनच्या झोताने धूळ उडते हा प्रश्न मात्र विक्रमलाही सुटलेला नाही, कारण प्रोब यानाच्या कडेलाच उतरतो.

खोलीचा प्रश्न अजून तसाच आहे. मंगळावरच्या इनसाइटचा ठोकत जाणारा प्रोब 5 मीटरसाठी बनवला होता. तिथली माती त्याला पकड देईना, आणि जानेवारी 2021 मध्ये तो पृष्ठभागालगतच सोडून द्यावा लागला. लिस्टर सुमारे 1 मीटरपर्यंत गेलं, उष्णता मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रासाठी हा विक्रम आहे. पण 1 मीटरवर वार्षिक लाट जिवंत असते. ती वजा करायला निदान एका वर्षाचा विदा लागतो, आणि ब्लू गोस्ट सूर्यावर चालणारं होतं. ते एक चांद्रदिवस आणि रात्रीचे काही तास एवढंच टिकलं. अल्सेपची, म्हणजे अपोलोने चंद्रावर मांडलेल्या संचाची, उपकरणं प्लुटोनियमच्या विजेवर वर्षानुवर्षं चालली. म्हणून पुढच्या उष्णताप्रवाह मोहिमेच्या आराखड्यात ड्रिलच्या आधी पाहावं ते हे: चौदा दिवसांच्या रात्री वीज कुठून येणार, आणि ती किमान तेरा रात्री पुरेल का.